गाडीतलं मीठ

बाजारातून वांगी आणली, तरी आमचे हे त्यातलं एक चिरून पाहिल्याशिवाय पिशवी स्वयंपाकघरात जाऊ द्यायचे नाहीत. हे म्हणजे माझे यजमान. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचा एक कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेत ते तपासनीस होते. बाहेरून टँकर आला की त्यातला नमुना काढायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. पास करताना ते नुसती सही करत. नापास करायचं असलं की त्या दिवशी घरी येताना भजी आणत.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. लग्नानंतर ह्यांच्या नोकरीपायी इकडे आलो आणि कंपनीच्या दोन खोल्यांत राहू लागलो. मला केळव्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. बोईसरहून पालघर, पालघरहून केळवे, अशा दोन एसट्या बदलून मी रोज जायची. दुपारची शाळा होती तोवर हे निभलं. मग एका वर्षी, नव्वदच्या आसपास, ठरलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर माझे वर्ग सकाळी भरणार. पालघरहून केळव्याला जाणारी पहिली एसटी माझी बोईसरची एसटी पोचायच्या आधीच निघून जायची. मी मुख्याध्यापकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमची अडचण कळते मला. पण प्रार्थनेला शिक्षक हजर नसतील तर मला दुसरी सोय बघावी लागेल." दुसरी सोय म्हणजे दुसरी बाई, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.

मला नोकरी सोडायची नव्हती. ती मला जिवापाड आवडायची, हे आज सरळ सांगते. त्या दोन खोल्यांत मी ह्यांची बायको होते. केळव्याला एसटीतून उतरले की रस्त्यावरची पोरं "बाई आल्या, बाई आल्या" म्हणत पुढे पळायची. ते सोडून पुन्हा घरात बसून वांगी चिरून दाखवायची, हे मला नको होतं.

म्हणून मी गाडी घ्यायची ठरवली.

ऐकून कोणालाही हसू येईल, पण तेव्हा ते इतकं अशक्य राहिलं नव्हतं. साध्या नोकरदारालाही परवडेल अशी जी छोटी गाडी तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती, ती रस्त्यावर येऊन सहा-सात वर्षं झाली होती. पुढे तिचा आकार बदलला, ती गोलसर झाली, आणि पहिल्या घडणीची ती बसकी, चौकोनी गाडी जुन्या बाजारात मिळू लागली. ज्यांनी वर्षानुवर्षं नंबर लावून ती घेतली होती तेच आता नव्या आकाराच्या मागे लागले होते. पालघरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला हीच गाडी होती, तिच्यावर मी हात बसवून घेतला, परवाना काढला. पैसे माझ्या पगारातून साठवलेले होते. राहता राहिली गाडी. तर ती तपासून घ्यायला घरात तपासनीस होताच की!

हे पहिल्यापासून म्हणत होते, "पहिल्या घडणीची कुठलीच वस्तू घेऊ नये. चुका सगळ्या तिच्यातच असतात." कारखान्यातले त्यांचे सोबती ह्याच्या उलट सांगत. पहिल्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून पेट्यांत भरून आले, तसं इंजिन पुन्हा होणे नाही, असं त्यांचं म्हणणं. कोणी म्हणे पत्रा जाड, कोणी म्हणे कागदासारखा. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. आपल्याकडची गाडी घ्यायची तर आधी खाली बघायचं. खारा वारा पत्रा खालून खातो आणि वरून रंग तसाच राहतो.

पहिली गाडी बोईसरलाच पाहिली, स्टेशनजवळच्या एका गॅरेजवाल्याकडे. लाल रंग असा चकाकत होता की मी मनातल्या मनात तिच्यात बसूनही आले. ह्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि दारावर लावलं. चिकटलं. खालच्या कडेला लावलं, तर टपकन मातीत पडलं. पत्रा केव्हाच सडून गेला होता, त्याच्या जागी लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरून वरून रंग मारला होता. गॅरेजवाला म्हणाला, "साब, इतना तो चलता है." ह्यांनी चुंबक पुसून खिशात ठेवलं आणि वाटेत भजी घेतली. मला खरंच अभिमान वाटला होता. असा नवरा नसता तर मी त्या रंगाला भुलून फसले असते, हे मी शेजारणींनाही सांगितलं.

दुसऱ्या गाडीच्या वेळी ह्यांनी कापडी पिशवीत बरंच सामान घेतलं. काचेच्या दोन-तीन नळ्या, एक ड्रॉपर, शुद्ध पाण्याची प्लॅस्टिकची बाटली आणि काळसर काचेची एक छोटी बाटली. त्या छोटीत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण होतं. ते मलाही माहीत होतं, पोरांना मी तेच शिकवायची. पाण्यात मिठाचा अंश असला की त्याचा थेंब पडताच पाणी दुधासारखं पांढरं होतं. ह्यांची युक्ती अशी की गाडीतली मॅट उचलायची, खालच्या पत्र्यावर शुद्ध पाणी शिंपडायचं, तेच पाणी ड्रॉपरने नळीत घ्यायचं आणि थेंब टाकायचा. पत्र्यात मीठ मुरलं असेल तर लपून राहणार नाही. मला ही युक्ती फारच पटली.

गाडी बोईसरजवळच्या समुद्रकाठच्या दांडी गावात होती, मासळीचा धंदा करणाऱ्या एका घरी. अंगणात बोंबील वाळत होते. ह्यांनी मॅट उचलली, पाणी शिंपडलं, थेंब टाकला. नळी पांढरीफटक. घरची बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. हे तिला म्हणाले, "गाडी मिठाने खाल्लीय." ती फिसकन हसली. "समुद्राच्या काठाला रातो आमी. मीठ नाय निंगल त काय साकर निंगल?"

ह्यांना ते झोंबलं. परतताना मी चाचरत म्हटलं, की पत्रा तर चांगला वाटला, मी बुक्की मारून पाहिली. हे म्हणाले, "तू बुक्क्याच मार. परीक्षा माझ्यावर सोड." आवाजात गोडवा होता, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

तिसरी गाडी केळव्याची. माझ्या शाळेच्या मागे पानवेलीची आणि सुपारीची वाडी असलेले एक काका राहायचे. मुलगा मुंबईत, बायको गेलेली, गाडी चालवायला डोळे साथ देईनात, म्हणून ते ती विकायला काढत होते. ती गाडी पाहिली आणि माझा जीव तिच्यात अडकला. पांढरी, आठवणीने पुसलेली, नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवात लाकडी फळ्यांवर उभी. खालून ओल लागू नये म्हणून काकांनी चाकांखाली फळ्या घातल्या होत्या. ह्यांनी चुंबक सगळीकडे फिरवलं, ते कुठेही पडलं नाही. दारांच्या खालच्या कडा, बॅटरीखालचा पत्रा, डिकीतल्या जादा चाकाखालचा खड्डा, सगळं टणक. मग पिशवीतून नळी निघाली. पाणी शिंपडलं, थेंब टाकला.

पांढरं.

"म्हंजे काय?" काकांनी विचारलं.

"म्हणजे आतून गेली. वर्षभरात पत्रा फुटून पाय खाली येतील," हे म्हणाले.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी वाद घातला नाही. गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मी कोनाला तरी गल्यात मारली असती."

त्या दिवशी माझ्या मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली. गाडीबद्दल नव्हे. परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसले होते आणि हलक्या आवाजात गुणगुणत होते. दिवाळी तोंडावर आली होती, माझी नोकरी जायच्या बेतात होती, गाडी मिळत नव्हती, आणि ह्यांना गाणं सुचत होतं. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. सिल्व्हर नायट्रेटने बोटांची टोकं काळी पडली होती. मी स्वतःला दटावलं. इतकं आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाबद्दल असलं मनात आणू नये, म्हटलं.

पण पाल एकदा चुकचुकली की ती जागा सोडत नाही. मी बारीकसारीक गोष्टी आठवू लागले. मुख्याध्यापकांचं बोलणं मी सांगितलं तेव्हा ह्यांनी "अरेरे" म्हटलं होतं आणि लगेच वर्तमानपत्र उघडलं होतं. परवाना आला तेव्हा पेढे मीच आणले, मीच वाटले. रात्री जेवताना मी म्हटलं, काकांची गाडी एखाद्या दुसऱ्या जाणकाराला दाखवावी का? तर ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" ह्या प्रश्नाला बायकोने काय उत्तर द्यायचं असतं ते ठरलेलं आहे. मी तेच दिलं.

त्याच आठवड्यात माझ्या आठवीच्या वर्गात क्षारांचा धडा आला. शाळेतलं सिल्व्हर नायट्रेट केव्हाच संपलं होतं. ह्यांची पिशवी कपाटात तशीच लटकत होती. सकाळी घाईत त्यांना न विचारता मी ती उचलली आणि शाळेत नेली. आता कोणी म्हणेल, हिने मुद्दाम नेली. देवाशपथ, नाही. मला धडा शिकवायचा होता, एवढंच.

टेबलावर दोन नळ्या ठेवल्या. मुलांना म्हटलं, "आधी नुसतं शुद्ध पाणी. ह्यात काहीही होणार नाही, नीट बघा. मग मिठाच्या पाण्यात काय होतं ते बघू." ह्यांच्या बाटलीतलं शुद्ध पाणी पहिल्या नळीत ओतलं आणि थेंब टाकला.

नळी पांढरी झाली.

वर्गात खसखस पिकली. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, ह्या त मिठाचाच पानी हाय. तुमी उलटा केलात." मी म्हटलं, नळी खराब असेल. दुसरी नळी घासून, त्याच पाण्याने विसळून पुन्हा केलं. पुन्हा पांढरी. प्रयोगशाळेतली कुठलीही वस्तू चाखायची नाही, हे मी मुलांना वर्षभर ओरडून सांगायची. त्या दिवशी त्यांच्यासमोर मी बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि जीभ लावली.

खारट. चुकून उतरलेला खारटपणा नव्हे तो. आमटीत घालतो तसं बेताने, चमचा मोजून घातलेलं मीठ.

दांडीच्या पत्र्यात काही नव्हतं. काकांच्या पत्र्यातही नव्हतं. मीठ आमच्या घरून पिशवीतून गेलं होतं. मी नळी ठेवली आणि खुर्चीवर बसले. मुलांना वाटलं, बाईंना ते पाणी बाधलं. एकजण धावत जाऊन माठातलं पाणी घेऊन आला.

शाळा सुटल्यावर मी तडक काकांच्या वाडीत गेले. ते पानवेलींना पाणी सोडत होते. मी म्हटलं, "काका, गाडी मला द्या. मी घेते."

त्यांनी मान हलवली. "नाय बाई. ती आता मी कोनालाच देनार नाय. सडकी हाय ह्ये म्हाईत असून देऊ? तुमी तर पोरांच्या बाई."

"ती सडकी नाही."

"तुमच्या मिस्टरांनीच त दाखवलान."

हा प्रसंग येणार हे मला रस्त्यातच कळलं होतं. गाडी चांगली आहे हे पटवायचं, तर नवरा कसा आहे हे सांगावं लागणार. मी आधी आडून प्रयत्न केला. मांडवात बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची बाटली होती, ती मागून घेतली. नळी त्या पाण्याने धुतली, थेंब टाकला. पाणी स्वच्छ. मग तेच पाणी मॅटखालच्या पत्र्यावर शिंपडून नळीत घेतलं, थेंब टाकला. किंचित धुरकटलं, काचेवर श्वास सोडावा तसं. एवढं तर इथल्या खिडकीच्या गजावरही निघालं असतं. काका नळी हातात घेऊन डोळे बारीक करून बघत राहिले.

"मंग तवा येवडा सफेद कसा झाला?"

मी मॅट पुन्हा जागेवर घालू लागले. त्यांनी पुन्हा विचारलं.

"पाण्यात मीठ होतं," मी म्हटलं.

"कोनी घातला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलनीत ज्याच्या हुशारीच्या गोष्टी मीच पसरवल्या होत्या त्या माणसाचं नाव मला इथे, चिखलात उभं राहून, परक्या माणसापुढे घ्यायचं होतं. मी म्हटलं, "आमच्या ह्यांनी."

काकांनी नळी माझ्या हातात परत दिली. मग त्यांनाही शंका आली. "ते नको म्हनतात, तुमी घेताव. उंद्या भांडान माज्या दारात आला त?"

"भांडण माझ्या दारात होईल, काका. तुमच्या नाही."

त्यावर ते हसले नाहीत. "शनवारी या," एवढंच म्हणाले.

शनिवारी पैसे दिले, कागदांवर सह्या झाल्या आणि मी गाडी घेऊन निघाले. एकटी. केळव्याशेजारचं माहीम गेलं, पालघर गेलं, समोरून ट्रक आला की मी देवाचं नाव घेत डाव्या कडेला चिकटायची. तीन वेळा गाडी बंद पडली, तीनही वेळा मागच्यांनी शिव्या घातल्या. पण पायांखाली, मॅटच्या खाली, टणक पत्रा होता. एवढ्या भीतीतही मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, आणि उमरोळीच्या पुढे रस्ता मोकळा दिसल्यावर मी ओरडलेही.

दारात गाडी उभी केली. हे बाहेर आले. गाडी ओळखली, माझ्या हातातली कापडी पिशवी ओळखली. मी काही विचारायच्या आत त्यांना सगळं कळलं होतं.

आत गेल्यावर मी ती बाटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "का?"

वाटेत मी त्यांच्या वतीने उत्तरं तयार केली होती. माझ्या जिवाची काळजी वाटली म्हणतील. ह्या रस्त्यावर अपघात होतात म्हणतील. सासूबाईंनी काही कळवलं असेल. ह्यातलं काहीही म्हणाले असते तरी मी रडून, भांडून, दोन दिवसांत विसरले असते.

ह्यांनी काळी बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "मी सायकलवर कामाला जातो. तू गाडीतून जाणार. लोक काय म्हणतील?"

एवढंच होतं. माझी नोकरी, वर्गातली पोरं, काकांची फळ्यांवर जपलेली गाडी, दांडीच्या बाईचा धंद्याचा सौदा, हे सगळं ह्यांनी एका सायकलीपायी खारवून टाकलं होतं. मला राग आला, पण त्याहून जास्त किळस आली. ती मी लपवली नाही. त्या रात्री मी आमटी केली, ती अळणी झाली होती. दोघांनीही मीठ मागितलं नाही.

दिवाळीनंतर शाळा सकाळची झाली. पहिल्या दिवशी मी अंधारातच गाडी बाहेर काढली, तर हे डबा घेऊन दारात उभे. सायकल भिंतीला टेकवलेली. म्हणाले, "वाटेतच आहे. मलाही सोड." मी शेजारचं दार आतून उघडलं. इतक्या दिवसांचा राग त्या एका वाक्याने निम्मा उतरला. वाटलं, चला, वळले एकदाचे. गाडी वसाहतीच्या रस्त्याला लागली, कारखान्याचे दिवे दिसू लागले. पहिल्या पाळीचे लोक फाटकाशी जमत होते.

फाटकाच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे हे म्हणाले, "इथेच थांबव."

"अहो, फाटक पुढे आहे."

"इथेच."

ते उतरले, दार हळूच लावलं, शर्ट नीट केला आणि गाडीकडे पाठ करून चालू लागले. मी त्या वळणावर थांबून बघत राहिले. ते माणसांत मिसळले तेव्हा कोणीतरी त्यांना काहीतरी विचारलं. ह्यांनी मागे, रस्त्याकडे, अशा बेताने हात केला की जणू पायीच चालत आले.

मी गाडी वळवली आणि प्रार्थनेच्या आधी शाळेत पोचले. हे निवृत्त होईपर्यंत मी त्यांना रोज सोडलं, आणि रोज त्याच वळणावर. मुसळधार पावसातही ते तिथेच उतरले. फाटकापर्यंत नेऊ का, असं मी पुन्हा कधी विचारलं नाही.